चाक कशावर उभं असतं?

मागच्या व्याख्यानानंतर दोघा-तिघांनी विचारलं की सर, तत्त्वज्ञान सोडून तुम्ही एकदम मोटरसायकलच्या चाकावर कसे आलात? सोडलेलं काही नाही. आज ज्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे ते एका इंजिनिअरचं आहे: जोब्स्ट ब्रँट यांचं 'द बायसिकल व्हील', १९८१ सालचं. पुस्तक सायकलच्या चाकावर असलं तरी जुन्या मोटरसायकलींची चाकं स्वतः बांधणारे लोक ते जवळजवळ पोथीसारखं वापरतात. मीही वापरलं. त्यात एक वाक्य असं आहे की ज्यावरून शहाणीसुरती माणसं आजही हमरीतुमरीवर येतात. ब्रँट म्हणतात, चाक खालच्या स्पोकवर उभं असतं.

ऐकल्यावर पहिली प्रतिक्रिया काय होते? छे! तार कशी काय आधार देईल? स्पोक म्हणजे दोन-चार मिलिमीटर जाडीची तार, दाबली की वाकणार. तार फक्त ओढू शकते. म्हणजे हब वरच्या स्पोकना टांगलेला असणार, पाळण्यासारखा. मलाही कित्येक वर्षं असंच वाटायचं.

आता हिशोब बघा. सोयीसाठी दोनच स्पोक धरू, एक वरचा, एक खालचा. चाक बांधताना दोन्ही शंभर-शंभर किलोच्या ताणाने आवळले. वरचा हबला शंभरने वर ओढतोय, खालचा शंभरने खाली, आणि हब जागच्या जागी. आता गाडीवर बसा. समजा हबवर पन्नास किलो आले. पाळण्याची कल्पना खरी असती तर वरचा स्पोक दीडशेवर जायला हवा. पण ताण मोजला तर वरचा जवळपास शंभरच भरतो आणि खालचा पन्नासवर उतरलेला दिसतो. कारण रिम जमिनीला टेकते तिथे ती किंचित चपटी होते, आणि तिथल्या दोन-चार स्पोकचाच ताण उतरतो. ब्रँट यांनी हे समीकरणं मांडून दाखवलं आहे, आणि तो भाग निर्विवाद आहे.

वाद आहे तो 'उभं असतं' या शब्दाचा. आपल्याकडे कारण ठरवताना अन्वय आणि व्यतिरेक बघतात: हे असलं की ते असतं का, हे नसलं की ते नसतं का. ओझं आलं की काय बदलतं? खालच्या स्पोकचा ताण. ओझं गेलं की काय पूर्ववत होतं? तोच. या कसोटीवर ब्रँट बरोबर. पण आपण जर विचारलं, या क्षणाला हबला वर कोण ओढतंय, तर उत्तर वरचे स्पोक हेच येणार, दुसरं येऊच शकत नाही. तेव्हा प्रश्नच दोन आहेत. एक बदलाचा, एक स्थितीचा. ब्रँट पहिल्याचं उत्तर देतात आणि ते दुसऱ्याचंही आहे अशा थाटात मांडतात. पुस्तकातला हा दोष मी लहान मानत नाही. त्यांना विरोध करणारेही नेमकं उलट्या बाजूने तेच करतात, ही त्यातली गंमत.

मात्र या वादात ब्रँट यांची खरी मोठी गोष्ट झाकली जाते. ती अशी, की ओझं पेलण्याची ताकद चाकात ओझ्याआधी भरून ठेवावी लागते. आधीचा शंभरचा ताण नसेल तर पन्नास उतरणार कुठून? ढिल्या चाकाचा खालचा स्पोक लगेच शून्यावर येतो, निपल सैल होतो, रिम हलायला लागते. आपला बैलगाडीचा सुतार हे वेगळ्या रीतीने जाणत होता. लोखंडी धाव तापवून चाकावर चढवायची, पाणी ओतायचं. ती आवळली की लाकडी आरे तुंब्यात घट्ट दाबले जातात. तिथे आधीपासून दाब भरला, इथे आधीपासून ताण. कारागिरी एकच, दिशा उलटी. जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये ताणलेल्या तारांचं चाक सुचवलं आणि जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये स्पर्शरेषेत बसवलेल्या स्पोकचं पेटंट घेतलं, तेव्हा चाक दिसायला तेच राहिलं, आतलं सगळं पालटलं.

हे लक्षात आल्यावर माझी एक जुनी सवय मोडली. वर्गात मी प्रश्नोपनिषदातला रथचक्राचा दृष्टान्त घ्यायचो: नाभीत आरे रोवलेले, तसं सगळं प्राणात स्थिरावलेलं. लाकडी चाकाला हा दृष्टान्त चपखल आहे. तारेच्या चाकात मात्र नाभीच आऱ्यांच्या ओढाताणीने जागेवर राहते. मिलिंदपञ्हात नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, सगळे भाग मिळून रथ का. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर चाळीस स्पोक, चाळीस निपल, हब आणि रिम मांडून बसलेल्या माणसाला हा प्रश्न जितका खरा वाटतो तितका वर्गात कधी वाटला नव्हता. असो.

आता माझी मुख्य तक्रार. ब्रँट सायकलचे. सायकलच्या रिमची भोकं बहुतेक सरळ असतात. जुन्या मोटरसायकलच्या रिमला मात्र प्रत्येक भोकापाशी एक खळगा ठोकलेला असतो, आणि तो तिरका असतो. डाव्या बाजूच्या हबकडे की उजव्या, पुढे झुकलेल्या स्पोकसाठी की मागे झुकलेल्या, हे खळगाच सांगतो. चार-चार भोकांचा गट, असे दहा गट, झाले चाळीस. सुरुवात एक भोक चुकून केली की अख्खं चाक चुकतं, आणि चुकलेलं चाक दिसायला झकास असतं! आउट काढलं की छान सरळही फिरतं.

माझ्या बुलेटचं पुढचं चाक एका गॅरेजमधून असंच बांधून आलं होतं. हबची एक बाजू ब्रेकच्या ड्रममुळे मोठी, दुसरी लहान. दोन्ही बाजू सारख्या असत्या तर उलटी घातलेली रिम कदाचित खपून गेली असती. इथे ड्रमच्या बाजूचा प्रत्येक स्पोक निपलमध्ये शिरताना किंचित वाकत होता. दीड-दोन महिन्यांत तीन स्पोक तुटले, तिन्ही आट्यांपाशी. तिसरा तुटला तेव्हा मागे माझी नात बसली होती. वेग कमी होता म्हणून निभावलं. त्यानंतर मी चाक उघडलं आणि पुस्तक हातात घेतलं. पुस्तकात उलट्या रिमविषयी काही सापडेना.

ब्रेकचंच बघा. पुढचा ब्रेक दाबला की हब अडतो, रिम मात्र पुढे जाऊ बघते. ज्या स्पोकचं रिमकडचं टोक फिरण्याच्या दिशेने पुढे आहे ते ताणले जातात, उरलेले सैलावतात. मागच्या चाकात इंजिन हबला ढकलतं तेव्हा नेमकं उलट. आणि मागे ब्रेकही असतो. म्हणून निम्मे पुढे, निम्मे मागे. ही दिशेची बाब ब्रँट तत्त्वात सांगतात, उत्तम सांगतात. पण दिशा रिमच्या पत्र्यातच ठोकलेली असू शकते, ही शक्यता त्यांच्या चाकात नाही. त्यामुळे मोटरसायकलवाल्याने हे पुस्तक वाचताना जुनी रिम सोडवण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, ड्रमच्या बाजूला रिमवर खूण करावी, आणि रिमची मध्यरेषा हबपासून किती सरकलेली आहे ते मोजून लिहून ठेवावं. मग ब्रँट उघडावेत.

उघडल्यावर मात्र एक भाग अजिबात गाळू नका. चाक बांधून झाल्यावर समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत धरून जोरात आवळायला ते सांगतात. बऱ्याच जणांना वाटतं, हे स्पोक 'बसवण्या'साठी. ब्रँट यांचं कारण निराळं आहे: हबपाशी स्पोकला जो कोपर असतो, तिथे वाकवताना धातूत अडकून राहिलेला ताण क्षणभराच्या जादा ओढीने निघून जातो, आणि पुढे तिथे तडा जायची शक्यता कमी होते. मोटरसायकलचे स्पोक जाड, हाताने आवळताना माझी बोटं सोलवटली, म्हणून मी लाकडी दांडा घालून पिळ दिला. पहिल्याच जोडीला कट्ट असा आवाज आला आणि चाक पुन्हा थोडं आउट झालं. परत पाना घेतला, परत आउट काढलं, परत आवळलं. चौथ्या फेरीला आवाज थांबला.