आकाशवाणीची संकेतधून : रचना आणि कार्य

भारतीय नभोवाणीच्या प्रारंभकाळाने मागे ठेवलेल्या संगीतरचनांत सर्वाधिक ऐकली गेलेली आणि समीक्षकांनी सर्वांत कमी विचारात घेतलेली रचना म्हणजे तिची संकेतधून होय. मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ते चालविणारी खाजगी कंपनी १९३० मध्ये बुडाली, कारभार सरकारकडे गेला, आणि जून १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले. त्याच सुमारास ही धून सिद्ध झाली. तिच्या कर्तृत्वासंबंधी इतर नावेही पुढे केली गेली आहेत. तथापि वॉल्टर काउफमान यांचा पक्ष सर्वांत बळकट दिसतो. कार्लस्बाड येथे १९०७ मध्ये जन्मलेले हे ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईस आले आणि पुढे तेथील केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले.

या धुनेचे वर्णन 'पूर्व-पश्चिमेचा संगम' असे करण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा असला तरी रचनेकडे पाहता टिकत नाही. तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिन एक लहानसे स्वरवाक्य म्हणते आणि पुनःपुन्हा तेच म्हणते. तिचे नाते शिवरंजनीशी सांगितले जाते : मध्यम व निषाद वर्ज्य, गांधार कोमल. परंतु रागाचे जे सर्वस्व, म्हणजे विस्तार, ते येथे नाही. शिवरंजनी रात्रीचा मानला जातो. धून वाजते ती मात्र भल्या पहाटे, सभा सुरू होण्यापूर्वी. पाश्चात्त्य बाजूचाही त्याग तेवढाच : स्वरसंहती नाममात्र आणि विकास मुळीच नाही. संगमात दोन्ही प्रवाहांचे पाणी वाढते. येथे दोन्हींनी आपले बरेचसे पाणी आधीच सोडून दिले आहे. (गमकास प्रतिकूल म्हणून ज्या संस्थेने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, तिची स्वतःची ओळख एका परदेशी रचनाकाराच्या व्हायोलिनवर उभी होती, ही गोष्ट गमतीची खरी, पण व्हायोलिनला मींड घेता येते, पेटीला येत नाही, हेही ध्यानात घ्यावे.)

मग हा त्याग कशासाठी? याचे उत्तर संगीतशास्त्रापेक्षा भाषाविज्ञानात अधिक सापडते. केवळ संपर्क जुळला आहे की नाही हे पाहणारे बोलणे मॅलिनोव्स्कीने १९२३ मध्ये वेगळे काढले. याकोब्सनने १९६० मध्ये त्यास भाषेच्या सहा कार्यांत स्थान दिले. दूरध्वनीवरील 'हॅलो' हे त्याचे नित्याचे उदाहरण. दवंडीपूर्वी वाजणारी हलगी काही सांगत नाही, फक्त कान गोळा करते. तोही याच जातीचा प्रकार. जुन्या रेडिओ-संचाच्या नळ्या तापण्यास काही वेळ लागे, काटा नेमक्या जागी आणण्यास आणखी काही. अशा श्रोत्यापुढे विस्तार करणारा राग ठेवला असता तर त्याचा आरंभ वायाच गेला असता. पुनरावृत्ती हा या रचनेचा दोष नव्हे. उशिरा येणाऱ्या कानाचे काही हुकू नये म्हणून केलेली ती योजना होय. ध्वनिमुद्रिकेवर स्वतंत्रपणे ऐकली असता धून फिकी वाटते, याचेही कारण हेच.

तरीही एक मर्यादा मान्य करावी लागते, आणि ती नंदुरबारसारख्या जिल्ह्यात स्पष्ट दिसते. सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांत अनेकांची घरची भाषा पावरी किंवा भिलीची अन्य बोली; खाली तापीच्या सपाटीवर अहिराणी वा गुजरी. तंबोरा व व्हायोलिन या सर्वांना सारखेच पोहोचतात, त्यांना भाषांतर लागत नाही. धून सर्वांना उद्देशून 'ऐकता ना?' असे विचारते, आणि धडगावच्या श्रोत्यानेही मनात होकार दिलेला असतो. त्यानंतरचे पहिले वाक्य येते ते मात्र प्रमाण मराठीत किंवा हिंदीत.