'स्कॅम १९९२' आणि समोरच्या बाजूला बसलेला कोणीतरी

हंसल मेहता यांची 'स्कॅम १९९२' ही वेब सिरीज ऑक्टोबर २०२० मध्ये आली. ठरवूनही साधला नसता असा मुहूर्त होता तो. मार्चमध्ये २६ हजारांच्या खाली गेलेला सेन्सेक्स पुन्हा ४० हजारांवर आला होता, आपण सगळे घरात कोंडलेले होतो, आणि आधार, पॅन, एक सेल्फी एवढ्यावर डिमॅट खातं उघडत होतं. मार्च २०२० मध्ये देशात साधारण ४ कोटी डिमॅट खाती होती; मार्च २०२४ मध्ये ती १५ कोटींच्या वर गेली. ही वाढ सिरीजमुळे झाली असं म्हणणं खुळेपणाचं होईल. पण या नव्या मंडळींना स्वतःला पाहायला जो आरसा मिळाला, तो या सिरीजचा होता. आजही ग्रुपवर कुणी हिरव्या आकड्यांचा स्क्रीनशॉट टाकला की त्याच्या मागे अचिंत ठक्करची ती धून आपल्या डोक्यात आपोआप वाजते.

म्हणून प्रश्न असा, की या सिरीजने आपल्याला बाजार नेमका कसा दाखवला?

आधी तिचं जे खरोखर चांगलं आहे ते. शेअर बाजार हा पडद्यावर दाखवायला महाकंटाळवाणा विषय. आकडे, फायली, कागद. सिरीजने त्याला माणसांचे चेहरे दिले. रिंगमध्ये घसा फोडून ओरडणारे जॉबर, भाव पाडायला टपून बसलेला मनू मुंद्रा, आणि या सगळ्यांना पुरून उरणारा प्रतीक गांधीचा हर्षद. प्रत्येक सौद्याला समोर एक माणूस आहे. त्याचा डाव ओळखायचा, त्याच्या आधी चाल करायची. त्यामुळे बाजार म्हणजे दोन हिमतींची कुस्ती होते, आणि कुस्ती बघायला आपल्याला आवडतेच.

सिरीजची ताकद हीच, आणि तिचा चाहता फसतो तोही इथेच.

कारण हर्षद मेहता जिंकत होता तो हिमतीवर किंवा शेअर ओळखण्याच्या कसबावर नव्हे, निदान फक्त त्यावर तरी नव्हे. १९९२ च्या जानेवारीत २ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स एप्रिलमध्ये साडेचार हजारांजवळ गेला, त्यामागे बँकांचा पैसा होता. एका बँकेने सरकारी रोखे विकायचे आणि ठरलेल्या दिवशी परत घ्यायचे, असा तो व्यवहार. मध्ये दलाल. रोखे प्रत्यक्ष हलवण्याऐवजी 'बँक रिसीट' नावाचा कागद फिरायचा आणि चेक दलालाच्या खात्यात जमा व्हायचा. तो पैसा परत करेपर्यंत शेअर बाजारात फिरवायचा. थोडक्यात, दुसऱ्याच्या पैशाने भाव चढवायचा आणि चढलेल्या भावाला आपली दूरदृष्टी म्हणायचं.

सिरीज हे लपवत नाही. बँक रिसीटची भानगड ती बऱ्यापैकी नीट समजावते. पण कॅमेऱ्याचा जीव कुणात अडकलाय हे प्रेक्षकाला कळतंच. कागदपत्रांचे प्रसंग ऑफिसच्या मंद उजेडात, आणि हर्षद लेक्ससमधून उतरतो ते दिमाखात. दहा भागांच्या कथेत हा तोल कसाबसा टिकतो. तीस सेकंदांच्या रीलमध्ये तो टिकणं अशक्य. तिथे उरतात ती गाडी, ती धून आणि जोखमीला इश्काशी जोडणारा तो संवाद. बँक रिसीटवर कुणी रील करत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे न दिसलेलं पात्र. सामान्य माणूस या कथेत गर्दी म्हणून येतो. आधी हार घालणारी गर्दी, नंतर पैसे बुडाल्यावर ओरडणारी गर्दी. त्याच्यासोबत त्याच्या घरी जाऊन कथा थांबत नाही. आपल्याकडचंच उदाहरण घ्यायचं तर याच घोटाळ्यात पुरेसं तारण नसताना दिलेल्या रिसीटांमुळे बँक ऑफ कराड १९९२ मध्ये अवसायनात गेली. शेअर म्हणजे जुगार असं मानून, बँकेतच पैसे बरे म्हणणारा कराडचा एखादा ठेवीदार डोळ्यांसमोर आणा. त्याने जोखीम घेतलीच नव्हती. त्याच्या नावाने दुसऱ्यांनी घेतली. 'जोखीम घेणारा तो मर्द' या वाक्यात हा माणूस बसत नाही, म्हणून तो सोयीस्करपणे गळतो.

आता आजच्या मोबाइलवरच्या रिंगणात येऊ. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. या ट्रेडर्समधलं तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. म्हणजे आपण.

पण मला त्या अहवालातली वेगळीच ओळ अस्वस्थ करते. २०२३-२४ मध्ये खर्च धरायच्या आधीच वैयक्तिक आणि इतर छोट्या ट्रेडर्सचे सुमारे ६१ हजार कोटी गेले. त्याच वर्षी स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले. बेरीज करून पाहा. ऑप्शनमध्ये एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटाच असतो, त्यामुळे आकडे जुळायलाच हवेत. आणि या संस्थांच्या नफ्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक नफा अल्गोरिदमने केलेल्या व्यवहारांतून आला.

मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून हे जरा स्पष्ट सांगतो. एक्स्पायरीच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही बोटाने स्वाइप करता, तेव्हा समोर मनू मुंद्रा नसतो. समोर एक प्रोग्रॅम असतो. तो घाबरत नाही, हावरट होत नाही, त्याला मीटिंग नसते. एक्सचेंजच्या सर्व्हरशेजारीच ठेवलेल्या मशीनवर तो चालतो आणि तुमची ऑर्डर पोचायच्या आत त्याने हजार हिशेब उरकलेले असतात. त्याचा डाव ओळखायला त्याला चेहराच नाही. सिरीजने आपल्याला कुस्तीसाठी तयार केलं आणि आपण उतरलो ते पिठाच्या गिरणीत.

याचा अर्थ शेअर हा छंद वाईट, असा नाही. पगारातली थोडी रक्कम बाजूला काढून एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल वाचणारा, ती काय बनवते आणि कर्ज किती आहे हे पाहून शेअर घेणारा आणि मग वर्षानुवर्षं विसरून जाणारा माणूस खराच छंदिष्ट. नाणी जमवणाऱ्यासारखाच. त्याला या गिरणीशी देणंघेणं नसतं. गंमत एवढीच, की त्याच्यावर सिरीज निघणार नाही.

पण 'स्कॅम १९९२'मध्येच त्याच्या जवळचं एक पात्र आहे. श्रेया धन्वंतरीने साकारलेली सुचेता दलाल. सगळे भाव बघत असताना ती एकच गोष्ट विचारत राहते: हा पैसा येतोय कुठून? त्यासाठी ती बँकांचे उंबरे झिजवते, कंटाळवाणे कागद वाचते. ज्या पुस्तकावर सिरीज बेतली, ते तिने आणि देबाशिष बसू यांनी लिहिलेलं आहे. म्हणजे ही गोष्ट मुळात तिची आहे. आपण ती हर्षदची म्हणून पाहिली.

सिरीज पुन्हा पाहणार असाल तर या वेळी तिच्या बाजूने पाहा. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर हिरवा स्क्रीनशॉट पडला, तर 'भारी' म्हणण्याआधी तिचाच प्रश्न तिथे टाका. जिंकलेला पैसा कुणाचा होता? त्या महिन्यात नाही, तर पुढच्या महिन्यात तो बहुधा ग्रुपमधल्याच कुणाचातरी असतो. फक्त तो स्क्रीनशॉट कुणी टाकत नाही.