आजीचे माहेरचे नाव

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला गेला त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. जाड पुठ्ठ्याचे बुक, आत घडी घातलेला वंशवृक्ष. सात पिढ्यांचे पुरुष त्यात नावानिशी आहेत; कोणी इनाम मिळवले, कोणी गमावले, तेही आहे. माझ्या आजीचा शोध घेतला तेव्हा आजोबांच्या नावाखाली ‘पत्नी सरस्वती’ एवढे दोनच शब्द सापडले. ते नावही तिचे नव्हे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून तिला दिलेले ते नाव!

हे आठवायला कारण घडले ते क्यूबा या दूरच्या बेटावरची तीन पुस्तके. मी मॅट्रिक झालेली शाळामास्तरीण; इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचणारी. तेव्हा वाचकांनी माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा करू नये. पण कादंबऱ्या मीही लिहिते, आणि दुसऱ्याच्या कादंबरीतले टाके उसवून पाहण्याची खोड मला आहे.

क्यूबात १९५९ साली क्रांती झाली आणि पुढच्या वर्षांत लाखो माणसे बेट सोडून अमेरिकेत गेली. त्यांची मुले-नातवंडे आता परदेशात बसून आपले पूर्वज शोधतात. काही बाबतींत त्यांचे नशीब आपल्याहून थोर. स्पॅनिश रीतीने माणसाला दोन आडनावे असतात, एक बापाचे आणि एक आईचे. लग्नानंतरही बाई आपली आडनावे टाकत नाही. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत पुष्कळदा दोन्हीकडचे आजी-आजोबा लिहिलेले सापडतात. १८८५ पासून सरकारी जन्म-मृत्यूच्या वह्याही आहेत. शिवाय स्पेनने २००७ आणि २०२२ साली कायदे करून स्पॅनिश वंशाच्या नातवंडांना नागरिकत्वाचे दार उघडले, तेव्हा आजोबांचा जन्मदाखला ही नुसती भावनेची वस्तू राहिली नाही.

परंतु चर्चमधल्या त्याच वह्या गोऱ्यांसाठी वेगळ्या आणि काळ्या व मिश्र वर्णाच्या लोकांसाठी वेगळ्या होत्या. गुलामाच्या बाळाच्या नोंदीत मालकाचे नाव ठसठशीत असे. बापाच्या जागी ‘अज्ञात’ हा शब्द कितीदा तरी येई. गुलामगिरी तिथे १८८६ साली संपली. ज्याचा शोध या दुसऱ्या वहीत शिरतो, त्याची वाट पुष्कळदा तिथेच संपते.

मिगेल बार्नेट यांचे १९६६ सालचे ‘एका पळालेल्या गुलामाचे चरित्र’ मी याच जाणिवेने वाचले. १९६३ साली बार्नेटना एस्तेबान मोन्तेहो भेटले, तेव्हा त्यांचे वय १०३ सांगितले जात होते. तरुणपणी ते उसाच्या मळ्यातून पळून रानात एकटे राहिले होते. आईबापांची नावे त्यांना धर्माच्या आईबापांकडून ऐकून ठाऊक. आईबाप मात्र कधी पाहिलेले नाहीत. हे ते सांगतात तेव्हा गळा काढत नाहीत. झाडपाला, कोंबड्या, नाच यांच्याच ओघात सांगून पुढे जातात. शब्द बार्नेटनी जुळवले आहेत हे जाणवते, पण दु:ख त्यांनी फुगवलेले नाही, हा मोठाच संयम.

क्रिस्तिना गार्सिया यांच्या ‘मंकी हंटिंग’ (२००३) या कादंबरीत चेन पान हा चिनी तरुण १८५७ साली करारावर क्यूबाला येतो आणि उसाच्या मळ्यात विकला जातो. १८४७ ते १८७४ या काळात लाखाहून अधिक चिनी मजूर असे नेले गेले. करार आठ वर्षांचा. वर एखादे स्पॅनिश नाव चिकटवले जाई. पणतवंडाने शोधायचे कोणते नाव? चेन पानचा भाग सुरेख उतरला आहे. व्हिएतनामच्या युद्धातला वंशज मात्र घाईघाईने आणलेल्या पाहुण्यासारखा वाटतो.

याच लेखिकेची पहिली कादंबरी ‘ड्रीमिंग इन क्यूबन’ (१९९२) माझ्या मते सर्वांत सरस, आणि माझे भांडणही तिच्याशीच. हवानात जन्मून दोन वर्षांची असताना न्यूयॉर्कला आलेल्या लेखिकेने आपल्यासारखीच एक नात रंगवली आहे : ब्रुकलिनमध्ये वाढलेली पिलार. तिची आई लूर्देस बेकरी चालवते आणि क्रांतीचे नाव काढू देत नाही. आजी सेलिया समुद्रकाठच्या घरात दुर्बीण घेऊन क्रांतीसाठी पहारा करते. आजी आणि नात रात्री मनातल्या मनात बोलतात, असे लेखिका सांगते. हे मला पटले नाही. जिथे माणूस सहज जाऊ शकत नाही, तिथे मनाची तार जोडून देणे म्हणजे परीक्षेत उत्तर आधीच फळ्यावर लिहून ठेवणे!

पण त्याच पुस्तकात सेलियाची पत्रे आहेत. तरुणपणी भेटलेल्या एका स्पॅनिश वकिलाला ती पंचवीस वर्षे, दर महिन्याच्या अकरा तारखेला पत्र लिहिते आणि एकही टपालात टाकत नाही. नवरा, सासू, वेड्यांच्या इस्पितळातले दिवस, सगळे त्यांत आहे. कुठल्याही वहीत न आलेली बाई इथे सापडते. नात जन्मल्यावर ती लिहिणे थांबवते. इथे लेखिकेला चमत्काराची गरज पडली नाही. ट्रंकेच्या तळाशी अशी पत्रे असू शकतात, हे कोणतीही गृहिणी सांगेल.

१९८० साली पिलार हवानाला येते. देश सोडू पाहणाऱ्यांची पेरूच्या वकिलातीत झुंबड उडालेली असते. त्या गर्दीत तिला मावसभाऊ इवानितो भेटतो. ती त्याला मिठी मारते, आणि आजीला येऊन सांगते, तो दिसला नाही. आजीने जिच्या हाती घराण्याची आठवण सोपवली, तिचीच पहिली नोंद खोटी! हे पान मी तीनदा वाचले. पिलारचा मला राग आला, आणि तिच्या जागी मी काय केले असते हे ठरवता आले नाही. लेखिका तिला माफही करत नाही, शिक्षाही देत नाही.

आमच्या कुलवृत्तांताच्या संपादकांनी खोटे काही लिहिले नव्हते. विचारलेच नव्हते, इतकेच. पाडव्याला आत्या येणार आहे. ऐंशी उलटली, ऐकू कमी येते, पण चकलीचे भाजणीचे माप अजून तोंडपाठ. फराळाचे ताट पुढे ठेवून तिला कानाशी विचारणार आहे, तुझ्या आईला माहेरी काय म्हणून हाक मारत?