वऱ्हाडी कादंबरीतील श्रमानुभव आणि संगणक-कचेरी

वऱ्हाडातील मराठी कादंबरीचे वैशिष्ट्य सांगताना समीक्षक सामान्यतः बोलीचा व ग्रामीणतेचा निर्देश करतात. हे दोन्ही विशेष खरे आहेत. तथापि या कादंबरीने श्रमाला दिलेले स्थान त्यामुळे काहीसे झाकले जाते. या प्रदेशातील शिकलेली तरुण पिढी आज सॉफ्टवेअर कंपन्यांत उमेदीची वर्षे घालवीत असता तो अनुभव कादंबरीत का मुरत नाही, हा प्रश्न श्रमाच्याच अंगाने तपासणे इष्ट होय.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीत महादेवाच्या शिवणकामावर संसार चालत नाही आणि सारा भार कौतिकवर येतो. तिचे राबणे गावाच्या डोळ्यांदेखत चालते. मजुरी हातात मोजून मिळते आणि तिच्याविषयीचे बोलणे वऱ्हाडीतच होते. काम, त्याचे साक्षीदार आणि त्याची भाषा ही तिन्ही एकाच वस्तीत असल्यामुळे निवेदकाला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यात ही एकता भंगलेली दिसते. एकनाथ शिकला आहे, पण शिक्षणाजोगी नोकरी नाही. तरीही त्याचे रिकामपण गावाला दिसते, म्हणून ते सांगता येते.

यापुढची अवस्था अद्याप नीट लिहिली गेलेली नाही. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ मध्ये सुरू झाले. बडनेरा व शेगाव येथील महाविद्यालये १९८३ मध्ये निघाली. अकोल्याजवळ बाभूळगाव येथेही असे शिक्षण मिळू लागले. येथील अनेक पदवीधर पुण्याच्या हिंजवडीसारख्या ठिकाणी नोकरीस जातात. ग्राहक अमेरिकेत असेल तर न्यूयॉर्कशी साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर सांभाळीत बैठका रात्री होतात. दिवसाचे तास टाइमशीटमध्ये भरावे लागतात आणि अनेक करारांत त्यांवरूनच ग्राहकाला आकारणी होते. ज्याच्याकडे ग्राहकाचे काम नाही तो ‘बेंच’वर बसतो. वर्षअखेरच्या अप्रेझलमध्ये जेथे कर्मचाऱ्यांची श्रेणी परस्परांच्या तुलनेत ठरते, तेथे शेजारच्या खुर्चीवरचा सोबती हाच प्रतिस्पर्धी होतो.

बेंचवरच्या माणसाचे उदाहरण अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. त्याचा पगार चालू असतो. म्हणून अकोल्यातील घरी त्याची चिंता कोणाला कळत नाही. ‘काम नाही, पण पगार आहे, आणि तरीही भय आहे’ ही स्थिती वडिलांना वऱ्हाडीत सांगण्यास त्याच्यापाशी शब्द नाहीत. एकनाथाला टोमणे मारणारे गाव होते. याला तेही नाही. साक्षीदार नाहीसा झाला की कादंबरीकाराचे एक प्रमुख साधनच हातचे जाते.

अच्युत गोडबोले यांच्या ‘मुसाफिर’ या आत्मचरित्राने सॉफ्टवेअर व्यवसाय मराठी वाचकाला परिचित करून दिला, हे त्याचे श्रेय निःसंशय होय. सोलापुरात मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाची इंग्रजीशी झालेली झटापटही त्यात आहे. परंतु ते उच्च पदापर्यंत पोहोचलेल्या व्यक्तीचे कथन असल्याने शिखरावरून मागे वळून पाहण्याची दृष्टी त्यात अपरिहार्य ठरते. शिखराची खात्री नसलेल्याचे दैनंदिन जीवन कादंबरीनेच सांगावयाचे असते.

यावर असा आक्षेप संभवतो की, सुस्थित पगारदाराच्या व्यथेत कौतिकच्या दारिद्र्याचे गांभीर्य कोठून यावे? दोन्ही दुःखांची तुलना करणे अयोग्यच होईल. परंतु ‘धग’चे सामर्थ्य एकट्या दारिद्र्यात नाही; परिस्थिती माणसाला मोडू पाहत असता त्याने टिकविलेल्या स्वत्वात ते आहे, आणि ही झुंज कचेरीतही घडते. भाषेच्या अडचणीवरही ‘धग’ वाट दाखविते. शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी राहू द्यावेत, हीच ती वाट. ‘बेंच’ व ‘अप्रेझल’ यांना ओढूनताणून प्रतिशब्द देण्यापेक्षा, घरी केलेल्या फोनवर हे शब्द वऱ्हाडीशी कसे अडखळतात ते दाखविणे अधिक फलदायी ठरेल.

वऱ्हाडी कादंबरीचा अभ्यास गावाच्या शिवेपाशी थांबला, तर या प्रदेशाच्या एका पिढीचे कामाचे आयुष्य अभ्यासाबाहेर आणि लेखनाबाहेरही राहील. कौतिकच्या मजुरीला जी भाषा मिळाली, ती तिच्या नातवंडांच्या नोकरीलाही मिळावयास हवी.