‘धीर धर’ म्हणण्याआधी

मुंबईच्या उपनगरांत मराठी ख्रिस्ती कुटुंबात कुणी गेलं की घरात माणसांबरोबर पुस्तकंही येतात. पातळ, खिशात मावणारी, बहुतेक भाषांतरित. मुखपृष्ठावर सूर्योदय किंवा कमळ. माझ्या आईच्या दफनानंतरच्या महिन्याभरात आमच्या मुलुंडच्या घरात अशी सात पुस्तकं जमली. देणाऱ्या सगळ्या बायका होत्या. पुस्तकंही बायकांसाठीच होती: दुःखातल्या, थकलेल्या, ‘आतून रिकाम्या झालेल्या’ बायकांसाठी. तेव्हापासून मी हा प्रकार लक्ष देऊन वाचते आहे. हजारो बायका रात्री झोपण्याआधी जे वाचतात, त्याकडे आपले समीक्षक वाङ्मय म्हणून बघत नाहीत. मला ते बघायचं आहे.

या लेखनाचा साचा पक्का आहे. वर एक वचन, मग एक छोटा प्रसंग, मग त्याचं तात्पर्य, शेवटी चार ओळींची प्रार्थना. पानभरात सगळं उरकतं. प्रसंगातल्या बाईला नाव असतं, पण गाव नसतं. तिचा नवरा वारलेला असतो किंवा मूल गेलेलं असतं, पण तिला भाडं भरायचं नसतं, सासूची औषधं आणायची नसतात, नऊ-दहाची लोकल पकडायची नसते. तिसऱ्या परिच्छेदात ती रडते, चौथ्यात तिला वचन आठवतं, पाचव्यात तिला शांती मिळते. ज्या बाईला मिळत नाही तिचं काय, हा प्रश्न पानावर येतच नाही. त्यामुळे तो वाचणारीच्या अंगावर येतो: मला मिळत नाही म्हणजे माझाच विश्वास उणा.

माझी मुख्य तक्रार इथेच आहे. धीर देणारं लेखन वाचून बाईच्या अंगावरचं ओझं निदान वाढू तरी नये.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातली सद्गुणी स्त्री. ती रात्र असतानाच उठते, तिचा दिवा रात्री मालवत नाही, ती सूत काततो, शेत विकत घेते, व्यापार बघते. थकलेल्या बाईसाठीच्या पुस्तकांत हा अध्याय हमखास येतो आणि तो वेळापत्रकासारखा वाचला जातो. बोरिवलीची बाई पहाटे पाचला उठून डबे करते, तर तिला सांगायचं की अर्धा तास आधी ऊठ आणि प्रार्थना कर. या वाचनात दोन गोष्टी गाळल्या जातात. एक, त्या बाईच्या घरात दासी आहेत, त्यांचा उल्लेख त्याच अध्यायात आहे. दोन, अध्याय संपतो तो तिच्या हातच्या कामाचं फळ तिला द्या, असं घरादाराला आणि गावाला सांगून. म्हणजे शेवटची सूचना इतरांसाठी आहे. ती बाईलाच परत परत वाचून दाखवण्यात फार अर्थ नाही.

थकव्याबद्दल थोडं. या पुस्तकांत हल्ली ‘बर्नआउट’ हा शब्द सर्रास येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याची व्याख्या केली, ती नोकरीच्या जागेपुरती. तो आजार नव्हे, कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था, असं तिथे म्हटलं आहे, आणि आयुष्याच्या इतर भागांना हा शब्द लावू नये असंही. त्याच वर्षीच्या आपल्याकडच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं दिसलं; पुरुष ९७ मिनिटं. बाईचा बराचसा थकवा जिथे साचतो ती जागा या व्याख्येच्या बाहेरच राहते. भक्तिपर पुस्तकं निदान त्या जागेकडे बघतात, हे त्यांचं श्रेय. डॉक्टर, कचेरी, कायदा यांच्यापैकी कुणीच स्वयंपाकघरातल्या थकव्याला नाव देत नसताना ही पातळ पुस्तकं देतात. म्हणून तर ती वाचली जातात. पण नाव देऊन झाल्यावर ती त्या २९९ मिनिटांतलं एक मिनिटही दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला सांगत नाहीत.

मराठीत याहून वेगळं काही आहे का? आहे, आणि ते जुनं आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून चार भागांत आली. आपण ती आत्मचरित्र म्हणून वाचतो, विनोदासाठी वाचतो, रेव्हरंड टिळकांची हकिकत म्हणून वाचतो. मी ती गेल्या दोन वर्षांत दुःखाचं पुस्तक म्हणून पुन्हा वाचली. १० फेब्रुवारी १८९५ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा पदरात लहान मूल घेऊन माहेरच्या आणि नातेवाइकांच्या आश्रयाला होत्या. नवरा जिवंत, पण संसार संपलेला. त्या काळच्या ब्राह्मण समाजात या अवस्थेला धड नावही नव्हतं. पुढची चार-पाच वर्षं त्यांनी तशी काढली.

त्या वर्षांबद्दल लक्ष्मीबाई जे लिहितात त्यात तात्पर्य नाही. देवाने मला यातून का नेलं, हे त्या सांगत नाहीत. तेव्हा तर त्या ख्रिस्ती नव्हत्याच. पुढे १९००मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या मागे वळून त्या वर्षांना सोन्याचा मुलामा देऊ शकल्या असत्या. तेच तर भक्तिपर पुस्तकं करतात: शेवट सुखाचा झाला, म्हणून मधलं सगळं योजनेतलं. लक्ष्मीबाई मधलं मधल्यासारखंच ठेवतात. रडणं रडण्यासारखं, राग रागासारखा. टिळकांवरचा रागही. टिळक मोठे कवी, मोठे भक्त, आणि संसाराच्या बाबतीत घरात काय आहे नाही याचा हिशेब न ठेवणारे. बायको या दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात, एकाच सुरात सांगते. संताची बायको असणं किती दमवणारं असतं, हे मराठीत त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी सांगितलेलं मला माहीत नाही.

त्यांचं मनही एका रात्रीत बदललं नाही. परत एकत्र राहू लागल्यावर त्यांचं सोवळं, त्यांचा वेगळा स्वयंपाक चालूच होता. आधी जातिभेद गळला, माणूस माणसासारखा दिसायला लागला, आणि श्रद्धा त्यामागून आली. ही पायरी-पायरीची चाल वाचताना थकलेल्या बाईला मोकळं वाटतं, असा माझा अनुभव आहे. पाचव्या परिच्छेदात शांती मिळालीच पाहिजे अशी इथे सक्ती नाही. ९ मे १९१९ला टिळक गेले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनी टिळकांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं आणि त्याचे ६४ अध्याय लिहिले. शाळेत न गेलेल्या बाईने. याला कुणी ‘दुःखावर विजय’ म्हणेल. मला ते आवडत नाही. नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काम पुढे नेत त्याच्या सहवासात राहण्याचा हा त्यांचा मार्ग असावा, एवढंच मी म्हणेन.

दुसरं नाव पंडिता रमाबाईंचं. १८७४च्या सुमारास दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने आई-वडील गेले. १८८०ला भाऊ गेला. १८८२ला नवरा, पदरात लहान मनोरमा. चोविसाव्या वर्षापर्यंत एवढं. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा. आणि १९०७च्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ज्याची गरज होती तो ख्रिस्त त्यानंतर कितीतरी वर्षांनी भेटला. ही कबुली भक्तिपर पुस्तकांत क्वचित येते. तिथे बाप्तिस्मा किंवा पश्चात्ताप झाला की दिवा लागतो. रमाबाई सांगतात, धर्म बदलूनही माणूस आत उपाशी राहू शकतं.

त्यांचं सांत्वन कसलं होतं? १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमार झालेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना आधी अन्न मिळालं, कपडे मिळाले, मग अक्षरं, मग हाताला काम. ज्यांना धीर द्यायचा त्यांना त्यांनी आधी जेवायला घातलं. पुढे त्याच आवारातल्या छापखान्यात बायकांनी रमाबाईंचं मराठी बायबल छापलं. स्वतः उपास काढलेल्या मुलीला हे करावंसं वाटलं, यात नवल नाही.

पण रमाबाईंचं नाव घेताना सावध राहावं लागतं. उपनगरातल्या महिला-मेळाव्यांत त्या ‘कधी न थकलेल्या बाई’ म्हणून उभ्या केल्या जातात. एवढी दुःखं झेलून त्यांनी एवढं केलं, मग तुम्ही? १९२१च्या जुलैत मनोरमा गेली. १९२२च्या ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. मधे नऊ महिनेही नाहीत. त्या शेवटच्या महिन्यांतही बायबलचं काम चालू होतं. ही हकिकत ऐकून ‘बघा, काम थांबवलं नाही’ असं म्हणता येतं. ती ऐकून गप्पही बसता येतं. मी दुसरं निवडते. थोर बाईचं आयुष्य थकलेल्या बाईसमोर पट्टीसारखं धरणं हा त्या दोघींवरही अन्याय आहे.

आता खुद्द बायबलकडे. या पुस्तकांतली वचनं तिथूनच येतात, पण ती निवडून येतात. स्तोत्रांतला मोठा भाग तक्रारीचा आहे, ती स्तोत्रं मात्र भेटकार्डावर दिसत नाहीत. नवरा आणि दोन मुलगे गमावून बेथलेहेमला परतलेली नामी गावच्या बायकांना स्पष्ट सांगते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. पुस्तकातली एकही बाई तिला ‘असं बोलू नये’ म्हणत नाही. रूथ तर तिला काहीच शिकवत नाही. ती सोबत येते आणि शेतात सरवा वेचायला जाते, कारण घरात धान्य नाही. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, मग पुन्हा उठवून खायला देतो. प्रश्न नंतर येतात. आणि ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. त्यांचं तेवढंच वागणं बरोबर होतं. तोंड उघडल्यावर ते देवाची बाजू घेऊन बोलतात, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो.

बाजू घेणं, हे महत्त्वाचं. येशू जाताना शिष्यांना ज्याचं वचन देतो त्या पवित्र आत्म्यासाठी आपल्या रूढ मराठी बायबलात ‘कैवारी’ हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जवळ बोलावलेला, मदतीला उभा राहणारा. भाषांतरकारांनी ‘सांत्वन करणारा’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी कैवारी म्हटलं. आपण कैवार घेतो तो भांडणात, एका बाजूला उभे राहून. घरात सून एकटी पडली की तिचा कैवार घेतात. त्या शब्दात डोक्यावरून हात फिरवण्यापेक्षा जास्त काही आहे: तुझं म्हणणं खरं आहे, आणि ते मी चारचौघांत सांगीन.

या शब्दाच्या कसोटीवर मी ती सात पुस्तकं पुन्हा चाळली. पाच पुस्तकं बाईला समजावतात. एक तिला दटावतं. एक मात्र, त्यातलं सगळ्यात जीर्ण, तिच्या बाजूने बोलतं. त्यात एक पान असं आहे की आजारी सासऱ्याची सेवा करणाऱ्या सुनेला लेखिका सांगते, दिराला फोन कर आणि आठवड्यातले दोन दिवस त्याला यायला सांग, प्रार्थना त्यानंतर. त्या पानाचा कोपरा माझ्याआधीच कुणीतरी दुमडून ठेवला होता.

आपल्या उपनगरांत या प्रकारचं सांत्वन पुस्तकांशिवायही चालत आलेलं आहे. वांद्र्यापासून मरोळपर्यंतच्या जुन्या गावठाणांत रस्त्याकडेला क्रूस आहेत. त्यातले कितीतरी १८९६च्या प्लेगच्या काळातले. मे महिन्यात संध्याकाळी तिथे ईस्ट इंडियन बायका रोजरीसाठी जमतात. तेच शब्द, पुन्हा पुन्हा, एका लयीत. कुणी कुणाला समजावत नाही. संपल्यावर पायरीवर बसून गप्पा होतात, कुणाची मुलगी बाळंत आहे, कुणाकडे कामाला बाई नाही, हे तिथे कळतं, आणि दुसऱ्या दिवशी डबा जातो. माझ्यासारख्या प्रोटेस्टंट घरातल्या बाईलाही त्याचा हेवा वाटतो.

म्हणून या लेखनाविरुद्ध मी नाही. ते चांगलं लिहिलं जावं, असं मला वाटतं. मराठीत ते मुळातून लिहिलं जावं. घाटकोपरच्या चाळीतलं पाणी किती वाजता येतं हे माहीत असलेल्या बाईने लिहावं. प्रसंगातल्या बाईला गाव असावं, भाडं असावं, राग असावा. शांती मिळाली नाही तर नाही मिळाली असं लिहायची मुभा असावी. आणि प्रार्थनेआधी एक ओळ घरातल्या इतरांसाठी असावी: भांडी तुम्ही घासा, तिला झोपू द्या.