गाडगेमहाराजांचे कीर्तन : प्रश्नरूप निवेदनाचा विचार

गाडगेमहाराजांविषयी (१८७६–१९५६) जे लेखन झाले आहे, त्यात त्यांचे चरित्र ठळकपणे उभे राहते. खराटा, मडके, चिंध्यांचे वस्त्र आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी येथील धर्मशाळा यांचे वर्णन वाचकांच्या परिचयाचे आहे. ज्या कीर्तनाच्या बळावर हे सारे घडले, त्याच्या रचनेचा विचार मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला. महाराजांचा पुरोहितशाहीशी असलेला विरोध हा केवळ मतांचा विरोध नव्हता. तो कीर्तनाच्या घाटातच रुजलेला होता, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्यांचे योग्य मूल्यमापन होणार नाही.

नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. कीर्तनकार निरूपण करतो, त्याच्या पुष्ट्यर्थ आख्यान लावतो. श्रोत्याने ऐकावे, हा त्यातील संकेत. वारकरी कीर्तनातही अभंगाचा अर्थ उलगडण्याचा अधिकार कीर्तनकाराकडेच राहतो. अधिकाराची ही उतरंड गाडगेमहाराजांनी मोडली. ते निरूपण करीत नसत, विचारीत. नवसाने मूल होते काय? बोकड कापल्याने देव प्रसन्न होतो काय? कर्ज काढून तीर्थयात्रा अथवा लग्नाची पंगत करणारा शहाणा की वेडा? अशा आशयाचे प्रश्न ते समुदायाला घालीत आणि उत्तर समुदायाच्या तोंडून काढीत. निष्कर्ष श्रोत्याने स्वतः उच्चारला की तो सहजासहजी नाकारता येत नाही. मंत्राचा अर्थ सांगणाऱ्या मध्यस्थाची गरज तेथेच संपते.

या रचनेत नामघोषाचे कार्यही वेगळे आहे. सामुदायिक गजर प्रश्नमालिकेच्या मधोमध येतो, तो विश्रांतीसाठी आणि एकमताच्या मुद्रेसाठी. देवाचे नाव कायम ठेवून देवाच्या नावाने चालणाऱ्या व्यवहाराची झडती घेणे, ही महाराजांची रीत होय. त्यामुळे त्यांना नास्तिक ठरविणे जितके चूक, तितकेच त्यांना परंपरेच्या चौकटीत निमूटपणे बसविणेही चूक ठरेल. पंढरपुरास ते जात, पण देवळात दर्शनाला न जाता बाहेरची वाट झाडीत. गुरू म्हणवून घेणे त्यांना अमान्य होते. पंढरपूर येथील चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे गेली, या घटनेतही हीच दृष्टी दिसते.

भाषेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. महाराज वऱ्हाडीत बोलत. या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, म्हणून ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. भंडारा जिल्ह्याच्या झाडी बोलीत त्याच शब्दाचे ‘डोरा’ असे रूप आहे. तथापि ‘मले’, ‘तुले’ ही रूपे दोन्हीकडे समान असल्याने वैनगंगेकाठच्या श्रोत्याला ती वाणी परकी वाटण्याचे कारण नाही. खडी गंमतीतील सवाल-जवाब ऐकलेल्या श्रोत्याला तर प्रश्नोत्तरांचा हा घाट ओळखीचाच वाटावा. संस्कृतप्रचुर पोथीभाषेच्या जागी घरातील बोली आल्याने धर्मचर्चेचा अधिकारही घरात आला.

दोष नाही असे नाही. हे प्रश्न बहुधा सूचक असतात. त्यांचे उत्तर आधीच ठरलेले असते. सहस्रावधी लोकांनी एका स्वरात दिलेला होकार म्हणजे स्वतंत्र विचार नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ज्या समाजाला धर्मविषयात प्रश्न विचारण्याचीच मुभा नव्हती, त्याला प्रश्नाचे वाक्य तोंडात बसवून देणे हे विचाराचे पहिले पाऊल होते. मुले शिकवा, त्यासाठी भांडी मोडावी लागली तरी मोडा, हा त्यांचा आग्रह पुढच्या पावलाची सोय करणारा होता.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे येथे झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. २० डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. छापील संहितेत प्रश्नचिन्ह उरते. प्रश्नानंतरचा विराम आणि समुदायाचे उत्तर उरत नाही. म्हणून अभ्यासकाने पुस्तकाआधी त्या ध्वनिमुद्रणाकडे वळावे. ते कीर्तन एकट्या महाराजांचे नाही. त्याचा अर्धा कर्ता समोर बसलेला समुदाय आहे.