चित्रं आपली, डाव कुणाचा?

"बाबा, तू प्रश्न विचारणार नसशील तरच चल," या अटीवर लेकाने मला सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सला नेलं. १९८८ साली सॅन होजेत क्रिस क्रॉफर्ड यांच्या दिवाणखान्यात सुरू झालेली ही बैठक पुढे इतकी वाढली, की मॉस्कोनी सेंटरच्या भल्यामोठ्या दालनांत भरू लागली. लेक गेम्स बनवायचं शिकतोय. मी गळ्यात बिल्ला अडकवून, ओळखीचं कुणी नसलेल्या लग्नात बसावं तसा मागे बसलो.

पण तिथे ऐकलेला एक विचार डोक्यातून जाईना. इयन बोगोस्ट यांनी २००७ च्या 'पर्स्वेसिव्ह गेम्स' या पुस्तकात तो मांडला आहे. चित्रं आणि संवाद असतातच, पण गेम आपलं म्हणणं पटवतो ते विशेषकरून नियमांतून. मला आपला मोक्षपट आठवला. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप. कवड्या टाकता टाकताच वर चढणं किती अवघड ते कळायचं. निराळं कीर्तन नको! अमेरिकेत १९४३ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापांच्या जागी घसरगुंड्या आणल्या, तरी चांगल्या कामाला शिडी हा नियम टिकला.

परतल्यावर आम्ही दोघांनी याच फूटपट्टीने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' मोजायचं ठरवलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली तो आणला. पुण्याचा म्हटल्यावर माझी कॉलर आधीच ताठ! हरवलेल्या भावाला, गोलूला शोधणारी राजी, राजस्थानी वळणाचे महाल, कळसूत्री बाहुल्यांसारख्या सावल्यांतून उलगडणारी कथा आणि दुर्गा-विष्णूंचा संवाद. डोळ्यांचं पारणं फिटतं.

"चित्रं आपली आहेत बाबा, पण फाईट कुठल्याही गेमसारखीच," लेक म्हणाला. राग आला, पण खोटं बोलवेना. राजीच्या हाती दुर्गेचं त्रिशूळ येतं, पण ते कुठलाही भाला असता तरी डाव तसाच झाला असता. देवीचं शस्त्र हाती आल्याची जबाबदारी नियमांत कुठेच जाणवत नाही. उलट खांबांवर चढत, उड्या मारत ती लढते, तेव्हा डोंबाऱ्याच्या खेळातली ती चपळ पोर खरी वाटते. चक्रं फिरवून चित्रं जुळवताना भावाची आठवण हाताला लागते. तेवढ्यापुरता गेम आपलं स्वतःचं काही बोलतो. शेवट मात्र घाईत उरकल्यासारखा वाटतो.

तरीही मंडळी, मुलांबरोबर जरूर खेळा. आमच्या घरी त्या रात्री कॉम्प्युटर बंद झाला आणि कागदावर चल्लस आठचा पट आखला गेला. आमच्या आजीचा नियम मी सांगितला: समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आपली सोंगटी आतल्या घरांत जात नाही.

"का?" लेकाने विचारलं.

मला उत्तर आलं नाही. पण आपल्या एखाद्या गोष्टीबद्दल त्याने असं 'का' विचारून कित्येक वर्षं झाली होती.